कॉलेजात धावलेले यार्ड एनएफएलमध्ये का चालत नाहीत?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या अधिकृत नोंदींत चेंडू हातात घेऊन सर्वाधिक यार्ड (एक यार्ड म्हणजे तीन फूट) धावलेला खेळाडू म्हणजे डॉनेल पंफ्री. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाकडून चार वर्षांत त्याने ६,४०५ यार्ड काढले. २०१७मध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगमधल्या फिलाडेल्फिया ईगल्सनी त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडण्याच्या, चौथ्या फेरीत निवडलं. पुढे एनएफएलच्या नियमित हंगामात त्याने किती यार्ड काढले? शून्य. एकाही सामन्यात तो मैदानावर उतरला नाही.

यादीत त्याच्या खालोखाल आहे विस्कॉन्सिनचा रॉन डेन. चांगला धिप्पाड गडी, १९९९च्या हाइझमन ट्रॉफीचा मानकरी. कॉलेज फुटबॉलमध्ये याहून मोठा वैयक्तिक मान नाही. त्याचे अधिकृत यार्ड ६,३९७. त्या काळी हंगामाअखेरचे बोल सामने हिशेबात धरत नसत. ते धरले तर आकडा ७,१२५वर जातो आणि पंफ्री मागे पडतो, हे विस्कॉन्सिनवाले तुम्हाला न विचारता सांगतील. या डेनला न्यूयॉर्क जायंट्सनी २००० साली अकराव्या क्रमांकावर उचललं. एनएफएलमधली त्याची सगळी वर्षं मिळून यार्ड झाले ३,७२२. एका हंगामात हजार यार्ड हा या धंद्यातला साधा मापदंड, तोही त्याने कधी गाठला नाही.

आता एनएफएलच्या यादीचं टोक पाहा. तिथे एमिट स्मिथ आहे, १८,३५५ यार्डांसह. फ्लोरिडा विद्यापीठात त्याने नाव कमावलं होतं, पण पळण्याच्या चाचणीत तो डोळे दिपवणारा नव्हता. १९९०च्या ड्राफ्टमध्ये सोळा नावं पुकारून झाल्यावर डॅलस काउबॉइजनी त्याला घेतलं.

एवढ्यावरून ‘कॉलेजची कामगिरी काही कामाची नाही’ असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. एनएफएलच्या एका हंगामात दोन हजार यार्डांचा टप्पा आजवर नऊ जणांनी ओलांडला आहे. त्यातले सात जण ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत गेलेले होते आणि तिघांकडे हाइझमन ट्रॉफी होती. म्हणजे निवड करणारे आंधळे नाहीत. गंमत वेगळीच आहे. कॉलेजात मिळवलेले यार्ड हे त्या मुलाचे एकट्याचे नसतात. आणि जे खरोखर त्याचं एकट्याचं असतं, म्हणजे नजर, हातापायातली ताकद, गुडघे, ते किती शिल्लक आहे हे यार्डांच्या आकड्यात दिसत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी जरा थांबतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर नवे चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्या संघाकडे. चेंडू पुढे नेण्याचे मुख्य मार्ग दोन. क्वार्टरबॅकने तो लांब फेकायचा, किंवा शेजारी वा मागे उभ्या असलेल्या रनिंग बॅकच्या पोटाशी द्यायचा आणि त्याने तो घेऊन गर्दीत घुसायचं. कबड्डीतल्या चढाईपटूसारखंच हे काम: अंगावर येणारे हात चुकवायचे, धरलं तरी फरफटत दोन पावलं पुढे जायचं. फरक इतकाच की इथे पुढ्यात आपले पाच लाइनमन असतात, प्रत्येकी दीडशे किलोच्या आसपासचे, आणि समोरच्यांना ढकलून वाट काढणं हे त्यांचं काम असतं. या पाच जणांना विसरू नका.

कॉलेजच्या वरच्या गटात १३०हून अधिक संघ आहेत. एनएफएलमध्ये ३२. शनिवारी अलाबामा किंवा ओहायो स्टेटसमोर उभ्या असलेल्या बचावफळीतली निम्म्याहून जास्त मुलं पदवीनंतर विमा विकतील, शाळेत शिकवतील, कारखान्यात इंजिनियर होतील. रविवारी एनएफएलमध्ये समोर उभे असलेले अकराही जण आपापल्या कॉलेजात सर्वांत भारी होते. मायल्स गॅरेट हा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे बचावफळीच्या टोकाचा गडी, २०१७च्या ड्राफ्टआधीच्या चाचणीत १२३ किलो वजन घेऊन ४० यार्ड ४.६४ सेकंदांत धावला. चांगले रनिंग बॅक साधारण साडेचार सेकंद घेतात. कॉलेजात कोपऱ्यावरून वळसा घेतला की मागचा जाडा माणूस मागेच राहतो. एनएफएलमध्ये तो जाडा माणूस मागून येऊन कॉलर धरतो.

आता एक बारीकसा तपशील, ज्याकडे टीव्हीवर सामने पाहणाऱ्यांचंही फारसं लक्ष जात नाही. मैदानाच्या मधोमध लांबीच्या दिशेने छोट्या रेघांच्या दोन रांगा असतात, त्यांना हॅश म्हणतात. मागचा खेळ कडेला जाऊन संपला तरी पुढचा खेळ जवळच्या हॅशवरून सुरू होतो. मैदान १६० फूट रुंद. कॉलेजात दोन हॅशमधलं अंतर ४० फूट, एनएफएलमध्ये जेमतेम साडेअठरा फूट. हिशेब करा: कॉलेजात चेंडू हॅशवर असला की एका बाजूला ६० फूट जागा आणि दुसऱ्या बाजूला १०० फूट. एनएफएलमध्ये हेच आकडे ७१ आणि ८९च्या आसपास येतात. रुंद बाजूला शंभर फुटांचं मोकळं रान असेल तर वेगवान पोराला तिकडे चेंडू देऊन ‘पळ’ म्हणणं हाच अर्धा डावपेच. एनएफएलमध्ये ते रान आक्रसतं आणि रनिंग बॅकला आतल्या गर्दीतून, दोन देहांमधल्या दाराएवढ्या फटीतून जावं लागतं. ते दारही अर्ध्या-पाऊण सेकंदात मिटतं.

ही फट दिसणं न दिसणं यावर माणसाचं आयुष्य कसं फिरतं, याचं माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण ट्रेंट रिचर्डसनचं. २०११च्या हंगामात अलाबामासाठी १,६७९ यार्ड, २१ टचडाऊन (चेंडू मैदानाच्या टोकापलीकडे नेणं), वर राष्ट्रीय विजेतेपद. मांड्या पाहून प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांनी हात टेकावेत असा गडी. २०१२च्या ड्राफ्टमध्ये क्लीव्हलंड ब्राउन्सचा क्रमांक होता चौथा; हा मुलगा हातचा जाऊ नये म्हणून त्यांनी ड्राफ्टमधल्या आपल्या आणखी तीन निवडी, म्हणजे खेळाडू निवडायचे हक्क, मोजून एक पायरी वर चढून घेतली आणि त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं. पहिल्या वर्षी ९५० यार्ड, तेही बरगड्या मोडलेल्या असताना. वाईट म्हणता येणार नाही, पण प्रत्येक धावेमागे सरासरी ३.६. चांगली सरासरी म्हणजे साडेचारच्या पुढची.

दुसऱ्या हंगामाचे दोन सामने झाले आणि ब्राउन्सनी त्याला इंडियानापोलिस कोल्ट्सना देऊन टाकलं, बदल्यात पहिल्या फेरीची एक निवड. कोल्ट्सकडे त्या वर्षी त्याने १५७ वेळा चेंडू घेतला आणि सरासरी काढली २.९. लाइन कच्ची होती, असं म्हणावं तर त्याच संघात, त्याच पाच जणांच्या मागून, डॉनल्ड ब्राउन नावाचा फारशी प्रसिद्धी नसलेला गडी सरासरी ५.३ काढत होता. चित्रफितीत दिसतं ते असं: डावीकडे वाट मोकळी होते, रिचर्डसन खाली मान घालून सरळ पुढच्या लाइनमनच्या पाठीवर जाऊन आदळतो. अलाबामात त्याच्या पुढची लाइन एनएफएलमध्ये जाणाऱ्यांनी भरलेली होती. तिथे वाट शोधावीच लागत नव्हती, ती समोर मांडून ठेवलेली असायची. २०१४च्या हंगामानंतर तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. ब्राउन्सनी मात्र त्याच्या बदल्यात मिळालेली निवड वापरून जॉनी मँझिएल नावाचा क्वार्टरबॅक आणला. तो रिचर्डसनपेक्षाही लवकर संपला, त्यामुळे या सौद्यात नेमकं कोण शहाणं ठरलं हे सांगणं कठीण आहे.

रिचर्डसनवरून वाटेल की सगळं काही माणसावर आहे. मग डेन्व्हरकडे बघा. १९९५मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोजनी सहाव्या फेरीत, १९६व्या क्रमांकावर टेरेल डेव्हिसला घेतलं. जॉर्जिया विद्यापीठात त्याला फार कुणी ओळखत नव्हतं. १९९८मध्ये त्याने २,००८ यार्ड काढले. पुढच्या वर्षी एका टॅकलच्या प्रयत्नात त्याचा गुडघा गेला. संघ कोसळायला हवा होता. तर चौथ्या फेरीतला ओलँडिस गॅरी आला, त्याने हजार ओलांडले. तो जखमी झाला, तर मरीन दलातून परतलेला, सहाव्या फेरीतला माइक अँडरसन आला, त्याने १,४८७ काढले. मग क्लिंटन पोर्टिस आणि त्यानंतर रूबेन ड्रॉन्स, तेही हजारावर. प्रशिक्षक माइक शॅनहन आणि लाइनचे गुरू अ‍ॅलेक्स गिब्ज यांनी अशी पद्धत बसवली होती की पाचही लाइनमन एका दिशेने सरकायचे, समोरच्यांना सोबत ओढायचे आणि रनिंग बॅकने एकदाच निर्णय घ्यायचा: एक पाऊल टाक, फट बघ, घूस. नाचायचं नाही.

साऱ्या लीगने यातून एक धडा उचलला, आणि माझ्या मते गरजेपेक्षा जास्त उचलला: रनिंग बॅक कुठलाही चालतो. डेन्व्हरने तर तो रोखीत वटवला. २००४मध्ये पोर्टिस वॉशिंग्टनला दिला आणि बदल्यात चँप बेली नावाचा कॉर्नरबॅक, म्हणजे चेंडू झेलणाऱ्यांना रोखणारा बचावपटू, घेतला, जो पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. पण गॅरी आणि अँडरसन यांना डेव्हिसची बरोबरी वर्षानुवर्षं कधीच करता आली नाही, हे या गोष्टीत सहसा सांगत नाहीत. हजार यार्ड पद्धतीने मिळतात. त्यापुढचे हजार मात्र माणसाचे असतात.

आता त्या कामाकडे वळू, ज्याचे यार्ड कुणी मोजत नाही आणि जे न आल्यामुळे कॉलेजचे कितीतरी तारे बाकावर बसतात. समजा तिसरा प्रयत्न आहे, सात यार्ड हवेत. सगळ्या स्टेडियमला माहीत आहे की चेंडू फेकला जाणार. रनिंग बॅक क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा आहे आणि त्याला चेंडू मिळणार नाही. समोर बचावफळीचे सहा-सात जण रेषेवर वाकून उभे. त्यातले काही येणार, काही ऐन वेळी मागे सरकणार, आणि कोण येणार हे ते मुद्दाम लपवतात. लाइनमन पाच आहेत. सहावा आला तर त्याला अडवायची जबाबदारी रनिंग बॅकची. चेंडू सुटायच्या आधी त्याने मनात ठरवायचं: आतला लाइनबॅकर (रेषेमागचा बचावपटू) माझा, तो नाही आला तर बाहेरचा. नियम असा की आधी आतून येणारा पाहायचा, कारण क्वार्टरबॅककडे जायची सर्वांत जवळची वाट आतली. मग दोन पावलं पुढे टाकून, गुडघे वाकवून, आपल्यापेक्षा दहा-पंधरा किलो जड माणूस धावत येतोय त्याच्या छातीत हात रोवायचे आणि दोन सेकंद काढायचे.

हे चुकलं तर वर्षाला काही कोटी डॉलर घेणारा क्वार्टरबॅक जमिनीवर. दोनदा चुकलं की तिसऱ्या प्रयत्नाला तुमच्या जागी दुसरा येतो. आणि एनएफएलमध्ये महत्त्वाचे क्षण बहुतेक तिसऱ्या प्रयत्नाचेच असल्यामुळे तुम्ही हळूहळू अर्धवेळ कामगार होऊन बसता. कॉलेजात बहुतेक ठिकाणी हे शिकवायला वेळ नसतो आणि गरजही नसते. तिथला क्वार्टरबॅक चेंडू झटकन सोडतो, खेळाडू मैदानभर पसरलेले असतात, आणि विद्यापीठाच्या सर्वांत लाडक्या पोराला असल्या हमालीला जुंपावं असं कुठल्या प्रशिक्षकाला वाटेल? चेंडू झेलण्याचंही तसंच. डेनची अडचण नेमकी हीच: न्यूयॉर्कमध्ये त्याच्या जोडीला टिकी बार्बर होता, जो झेलायचाही, पळायचाही. डेनच्या वाट्याला मग उरलेल्या एक-दोन यार्डांची ढकलाढकली आली.

उलटं उदाहरणही आहे, आणि ते मला फार आवडतं. टेक्सास विद्यापीठात प्रीस्ट होम्स नावाचा मुलगा रिकी विल्यम्सच्या मागे बसायचा. रिकीला १९९८ची हाइझमन मिळाली आणि न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी त्याच्यापायी १९९९ची आपली झाडून सगळी निवड दिली, वर पुढच्या वर्षातलीही दोन. होम्सला १९९७मध्ये कुणीच निवडलं नव्हतं. २००१मध्ये एनएफएलमध्ये सर्वाधिक यार्ड काढले ते होम्सने. २००३मध्ये त्याने धावून २७ टचडाऊन केले. रिकीही वाया गेला नाही, त्याचे दहा हजारांवर यार्ड झाले. पण एकाच कॉलेजच्या दोन मुलांत बाजाराने जेवढं अंतर पाहिलं, तेवढं ते नव्हतं. कॉलेजात बाकावर बसल्यामुळे होम्सचे पाय ताजे राहिले, असंही म्हणता येतं.

पायांचा हा मुद्दा सर्वांत निष्ठुर. रनिंग बॅकला जवळपास प्रत्येक वेळी कुणी तरी आदळून खाली पाडतं. त्याच्या कामाची व्याख्याच ती आहे. खेळाडूंच्या संघटनेचा नेहमी सांगितला जाणारा आकडा असा, की एनएफएलमधल्या रनिंग बॅकची सरासरी कारकीर्द अडीच वर्षांच्या आसपास भरते. सत्ताविशी-अठ्ठाविशीत उतार लागतो. क्वार्टरबॅक त्या वयात नुकता खेळ समजायला लागलेला असतो.

आणि या घड्याळाला करारांचं दुसरं घड्याळ जोडलेलं आहे. शाळा सुटल्यावर तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये उतरता येत नाही. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने याविरुद्ध दावा लावला होता. पहिल्याच वर्षी त्याने संघाला २००२चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला, आणि आता फुकटात आणखी दोन वर्षं अंग का ठेचून घ्यायचं, असा त्याचा रास्त प्रश्न होता. २००४मध्ये खालच्या न्यायालयात तो जिंकला, वर हरला. त्या वरच्या न्यायालयाचा निकाल लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. क्लॅरेट मात्र खेळापासून दूर राहून शरीराने सैलावला. डेन्व्हरने २००५मध्ये त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं आणि हंगाम सुरू व्हायच्या आधीच सोडून दिलं.

म्हणजे पहिली तीन वर्षं कॉलेजात जातात. मग ड्राफ्टमध्ये ज्या संघाने निवडलं त्याच्याशी चार वर्षांचा करार, आणि २०११पासून त्याची रक्कम निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेली. पहिल्या फेरीतल्यांना संघ पाचवं वर्षही आपल्या मर्जीने लावू शकतो. त्यानंतरही संघाकडे फ्रँचाइज टॅग नावाचा हुकमी पत्ता असतो: एक वर्षाची ठरावीक रक्कम देऊन खेळाडूला बाजारात जाण्यापासून अडवायचं. २०२३मध्ये रनिंग बॅकसाठी ती रक्कम होती सुमारे १ कोटी १ लाख डॉलर. चेंडू झेलणाऱ्या रिसीव्हरसाठी जवळपास १ कोटी ९७ लाख, क्वार्टरबॅकसाठी ३ कोटी २४ लाख. सामान्य माणसाला एक कोटी डॉलरही डोळे फिरवणारे वाटतील, हे खरंच. पण बेरीज करा: विशीच्या आत सुरू झालेली उत्तम वर्षं कॉलेज आणि पहिल्या करारात खर्ची पडतात, आणि खुल्या बाजारात भाव सांगायची वेळ येते तेव्हा वय सव्वीस-सत्तावीस. समोरचा संघ डॉक्टरी अहवाल उघडून बसलेला असतो.

ज्यांना मोठे करार मिळाले त्यांच्यामुळे उलट बाकीच्यांचं नुकसान झालं. टॉड गर्लीला लॉस एंजेलिस रॅम्सनी २०१८मध्ये ५ कोटी ७५ लाख डॉलरचा वाढीव करार दिला. कॉलेजात दुखावलेला गुडघा बोलू लागला आणि २०२०च्या मार्चमध्ये संघाने त्याला सोडलं. त्याच वर्षी अटलांटाकडून तो शेवटचं खेळला. पिट्सबर्गचा लेव्हिऑन बेल १ कोटी ४५ लाखांचा टॅग नाकारून २०१८चा सगळा हंगाम घरी बसला. पुढे न्यूयॉर्क जेट्सकडून करार मिळाला, पण पूर्वीचा बेल परत दिसला नाही. इझिकिएल एलियटच्या नऊ कोटींच्या कराराचं डॅलसने काय केलं, ते २०२३मध्ये त्याला सोडलं तेव्हा दिसलंच.

त्याच उन्हाळ्यात ऑस्टिन एकलर या रनिंग बॅकने देशातल्या नावाजलेल्या रनिंग बॅकना व्हिडिओ कॉलवर एकत्र बोलावलं. सेकॉन बार्कली, ख्रिश्चन मकॅफ्री, डेरिक हेन्री, निक चब असे सगळे. निघालं काही नाही. एकलर स्वतः दुय्यम गटातल्या छोट्या कॉलेजातून, ड्राफ्टमध्ये कुणी न निवडलेला असा वर आलेला. संघांना स्वस्तात रनिंग बॅक मिळतो याचा जिवंत पुरावाच तक्रारीचं निवेदन करत होता, असं म्हटलं तर तो कडवटपणा होईल, पण संघांच्या मनात तेच असणार. त्याआधी काही महिने कॅन्सस सिटी चीफ्सनी सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला होता आणि त्यांचा रनिंग बॅक होता सातव्या फेरीतला, २५१व्या क्रमांकाचा आयझाया पाचेको. चार वर्षांचा त्याचा पगार मिळून चाळीस लाख डॉलरच्या आत. २०२०मध्ये पहिल्या फेरीत घेतलेला क्लाइड एडवर्ड्स-हिलेअर त्याच्या मागे पडला होता.

मग वारं थोडं फिरलं. सगळे संघ चेंडू फेकू लागल्यावर बचावफळ्यांनी जड माणसं काढून हलकी, चपळ माणसं आणली आणि दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, खोलवर उभे केले. पुढची गर्दी विरळ झाली. अशा फळीवर ११० किलोहून जड डेरिक हेन्री सोडला तर काय होतं, ते बाल्टिमोरने २०२४मध्ये दाखवलं: वयाच्या तिशीत १,९२१ यार्ड. या हेन्रीने २०१५मध्ये अलाबामात एका हंगामात ३९५ वेळा चेंडू उचलला होता आणि तेव्हा सगळे म्हणत होते, हा लवकर मोडणार. अपवाद आहे तो. त्याच्या देहावर धोरण आखायला जाल तर फसाल.

बार्कलीचं त्याहून शिकण्यासारखं. पेन स्टेटचा हा तारा २०१८मध्ये दुसऱ्या क्रमांकावर जायंट्सकडे गेला. २०२३मध्ये त्यांच्याकडे त्याची सरासरी होती ३.९. जायंट्सनी त्याला जाऊ दिलं. मालक जॉन मारा कॅमेऱ्यासमोर एवढंच म्हणाले होते की तो फिलाडेल्फियाला गेला तर आपल्याला झोप लागणं कठीण जाईल. तो फिलाडेल्फियालाच गेला. तिथे डावीकडे जॉर्डन मायलाटा, ऑस्ट्रेलियातून आलेला रग्बी लीगचा माजी खेळाडू, उजवीकडे लेन जॉन्सन. त्याच माणसाची सरासरी झाली ५.८, सोळा सामन्यांत २,००५ यार्ड, आणि वर सुपर बोल. २०२५मध्ये करार वाढून वर्षाला दोन कोटी डॉलरच्या वर गेला. त्या मोसमात यार्ड मात्र बरेच खाली आले. दोन हजार गाठणाऱ्या नवांपैकी दुसऱ्यांदा तो टप्पा कुणीच गाठलेला नाही, त्यामुळे यात नवल नव्हतं.

कोलंबस, अ‍ॅन आर्बर, स्टेट कॉलेज अशा गावांत शिकायला गेलेली आपली मुलं शनिवारी लाखभर लोकांच्या गर्दीत जाऊन बसतात आणि घरी फोटो पाठवतात. ज्याच्या नावाची जर्सी घालून ती बसलेली असतात, त्या पोराला २०२१पर्यंत त्या जर्सीचा पैसाही घेता येत नव्हता. त्या वर्षी नाव आणि चेहऱ्याच्या जाहिरातीतून कमवायची मुभा मिळाली, आणि २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. रनिंग बॅकसाठी हा बदल बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे, कारण त्याची किंमत सर्वांत जास्त असते तीच वर्षं कॉलेजातली. पण कमाईसाठी कॉलेजात एक वर्ष जास्त काढायचं म्हणजे आणखी अडीच-तीनशे वेळा चेंडू घेऊन गर्दीत घुसायचं.

बॉइसी स्टेटच्या अ‍ॅश्टन जेंटीने २०२४मध्ये १४ सामन्यांत ३७४ वेळा चेंडू घेऊन २,६०१ यार्ड काढले. बॅरी सँडर्सच्या १९८८च्या विक्रमापासून तो फक्त २७ यार्ड दूर राहिला, आणि सँडर्सने तो विक्रम ११ सामन्यांत केला होता. लास व्हेगस रेडर्सनी जेंटीला २०२५मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतलं, चार वर्षांचे साडेतीन कोटी डॉलरहून थोडे अधिक. पाचवं वर्ष संघाच्या हातात. संघाने ते लावलं आणि मध्येच नवा करार केला नाही, तर टॅग वगळता खुल्या बाजारात उभं राहायची त्याची पहिली संधी २०३०च्या वसंतात येईल. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा असेल.